रजिस्ट्री मोठी म्हणून भाषा निवडावी का?

प्रश्न: आमची चार जणांची टीम आहे. नवी सेवा लिहायची आहे. ग्राहक पीडीएफ आणि एक्सेलमधली बिलं अपलोड करतील, त्यातले तक्ते वाचून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायचे, लॉगिन टोकनने, तारखा निरनिराळ्या टाइमझोनमधल्या, आणि रात्री ईमेल जायचे. आम्हाला जावास्क्रिप्ट आणि पायथन येतं. एक सहकारी गो म्हणतो, दुसरी रस्टसाठी आग्रही आहे. माझा कल नोडकडे, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्याकडे आहे, कारण एनपीएम या त्याच्या रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजांच्या भांडारावर, सर्वांत जास्त पॅकेजं आहेत, हवं ते मिळेलच. पण मागच्या कामात एका पॅकेजचा मेंटेनर (ते सांभाळणारा) गायब झाला आणि आयत्या वेळी सगळं बदलावं लागलं. लायब्ररीचा दर्जा आधीच कसा ओळखायचा? दोन वर्षं रिलीज नाही म्हणजे ती मेली का? आणि छोट्या गोष्टी आपणच लिहाव्यात का?
— एक टीम लीड

उत्तर:

रजिस्ट्रीचा आकार बघून भाषा ठरवू नका. एनपीएमवर वीस लाखांहून जास्त पॅकेजं आहेत, त्यातली तुम्हाला थेट लागणार आठ-दहा. उरलेल्यांत खोगीरभरती प्रचंड आहे: एकदा प्रसिद्ध करून सोडून दिलेली, चार ओळींची, दुसऱ्याच्या पॅकेजची नक्कल असलेली. तुमच्या आठ-दहा कामांपैकी सर्वांत अवघड कोणतं आणि त्यासाठी चांगली लायब्ररी कोणत्या भाषेत आहे, एवढंच भाषा ठरवताना बघायचं. बाकीची कामं या चारही भाषांत निभतात.

तुमच्याकडे अवघड काम एकच आहे, पीडीएफमधला तक्ता. बहुतेक पीडीएफ फाइलींत तक्ता म्हणून काही नसतंच. कोणतं अक्षर पानावर कुठे काढायचं, एवढंच लिहिलेलं असतं. रकाना कुठे संपला आणि ओळ कुठे सुरू झाली, हे लायब्ररीला अंतरांवरून ताडावं लागतं. या कामात पायथन पुढे आहे. पीडीएफमायनर.सिक्स पानावरच्या मजकुराची जागा देतं आणि त्यावर उभं असलेलं पीडीएफप्लंबर तक्ते शोधतं. पायम्यूपीडीएफ वेगवान आहे, पण त्याचा परवाना एजीपीएल आहे (तुमच्या सेवेचा सोर्सही खुला करायला लावणारा), नाहीतर पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. तुमची सेवा बंद सोर्सची असेल तर हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या. नोडमध्ये मोझिलाचं पीडीएफ.जेएस भक्कम आहे, पण त्याचं मुख्य काम पान दाखवणं. मजकूर आणि जागा त्यातून मिळतात, तक्ता तुम्हालाच जुळवावा लागतो. गो आणि रस्टमध्ये पीडीएफ जोडणं, तोडणं, शिक्के मारणं यासाठी चांगल्या लायब्ररी आहेत, तक्ते काढण्यासाठी मात्र पर्याय फारच थोडे. आणि बिलं स्कॅन केलेली असतील तर यातलं काहीच चालणार नाही, आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) करावं लागेल.

याउलट पोस्टग्रेसचा प्रश्न सगळीकडे सुटलेला आहे. पायथनमध्ये सायकोपीजी ३, नोडमध्ये पीजी, गोमध्ये पीजीएक्स, रस्टमध्ये एसक्यूएलएक्स. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

एक्सेलचं उदाहरण मात्र सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण ‘एनपीएमवर मिळेलच’ या समजाला ते छेद देतं. नोडमधली सर्वांत परिचित लायब्ररी शीटजेएस, एनपीएमवर तिचं नाव एक्सएलएसएक्स. तिच्या कर्त्यांनी नव्या आवृत्त्या एनपीएमवर टाकणंच थांबवलं. तिथे ती ०.१८.५ वर गोठलेली आहे, पुढच्या आवृत्त्या त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर मिळतात. फाइल वाचतानाची एक सुरक्षा-त्रुटी ०.१९.३ मध्ये दुरुस्त झाली, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने एनपीएमवरून बसवणाऱ्याला ती दुरुस्ती मिळतच नाही. रजिस्ट्रीच्या पानावर डाउनलोडचा आकडा तरीही प्रचंड दिसतो. तो आकडा तसाही फुगलेला असतो: प्रत्येक बिल्ड सर्व्हर (कोड आपोआप बांधून तपासणारं यंत्र) दिवसातून कितीतरी वेळा तीच फाइल पुन्हा उतरवतो. डाउनलोडवरून ‘हे पॅकेज लोक वापरतात’ एवढंच कळतं, ‘हे नीट सांभाळलं जातं’ हे कळत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या ताऱ्यांवरून (पसंतीच्या खुणांवरून) तर तेवढंही नाही.

आता दर्जा कसा ओळखायचा ते. प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दोन, फार तर तीन लायब्ररी निवडा आणि प्रत्येकीला एक ते दीड तास द्या.

सुरुवात बंद झालेल्या इश्यूंपासून (नोंदवलेल्या तक्रारींपासून) करा. सगळे उघडे इश्यू बघतात आणि आकडा पाहून घाबरतात, पण मोठ्या लायब्ररीचे हजार इश्यू उघडे असणं स्वाभाविक आहे. गेल्या वर्षात बंद झालेले दहा बग वाचा. दुरुस्तीसोबत टेस्ट आली का? दुरुस्ती मुख्य शाखेत गेल्यावर रिलीज व्हायला किती दिवस लागले? ‘जुना झाला म्हणून बंद’ असं यंत्रानेच लिहून किती इश्यू मिटवले? मग पुल रिक्वेस्टकडे, म्हणजे इतरांनी सुचवलेल्या बदलांकडे, वळा. बाहेरच्या माणसाने पाठवलेल्या चांगल्या दुरुस्त्या महिनोन् महिने उत्तराविना पडल्या असतील, तर तुमचा मागचा अनुभव तिथे पुन्हा येणार हे धरून चाला. रिलीज करण्याचा अधिकार किती जणांकडे आहे तेही बघा. एकाच माणसाकडे असेल तर ती लायब्ररी वाईट ठरत नाही, पण तो थकला की काय करायचं हे तुम्हाला आजच ठरवावं लागतं.

त्यानंतर कोड उतरवून घ्या आणि भाषेच्या सर्वांत नव्या आवृत्तीवर तिच्या टेस्ट चालवा. इतकी स्वस्त आणि इतकं सांगून जाणारी चाचणी दुसरी नाही. टेस्ट चालतच नसतील किंवा चालवायच्या कशा हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर मेंटेनरही त्या चालवत नसावा.

मग रिकाम्या वातावरणात ती बसवून सोबत काय काय आलं ते मोजा. नोडमध्ये ‘एनपीएम एलएस’ला ‘ऑल’चा पर्याय देऊन, रस्टमध्ये ‘कार्गो ट्री’, गोमध्ये ‘गो मॉड ग्राफ’, पायथनमध्ये नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप लिस्ट’. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, लायब्ररीचं मात्र विचारावंच. एका पॅकेजसोबत साठ पॅकेजं आली, तर त्या साठ जणांच्या चुका आणि त्यांच्या चोरीला गेलेल्या पासवर्डचे परिणामही तुमच्या सर्व्हरवर आले. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे बिल्ड तुटले. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे ताबा दिला. त्या माणसाने एक नवी डिपेन्डन्सी (पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) घुसवली आणि तिच्यातून बिटकॉइनच्या एका वॉलेटवर नेम धरला. त्या डिपेन्डन्सीच्या पॅकेजमधला कोड आणि रिपॉझिटरीतला (सर्वांना दिसणारा मूळ) कोड वेगळा होता. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतही हीच मेख होती: बिल्डच्या वेळी मागचं दार उघडणारा तुकडा रिलीजच्या गठ्ठ्यात होता, गिटमध्ये नव्हता. म्हणून सर्वांत नाजूक दोन-तीन पॅकेजांचा तरी प्रसिद्ध झालेला गठ्ठा उघडून रिपॉझिटरीशी ताडून बघा.

दस्तऐवजात शोधायची एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते, ती म्हणजे न सांगता लागू होणारी मूल्यं. पायथनची रिक्वेस्ट्स ही वेबवरून माहिती मागवणारी उत्तम लायब्ररी आहे, पण तिला टाइमआउट (वाट बघण्याची मर्यादा) दिला नाही तर ती कितीही वेळ वाट बघत बसते. त्याच कामाची एचटीटीपीएक्स पाच सेकंदांनंतर थांबते. गोचा आयता एचटीटीपी क्लायंटही टाइमआउटशिवायच येतो. पायथनची ओपनपायएक्सएल एक्सेलच्या खान्यातलं सूत्र देते. ‘डेटा ओन्ली’ चालू केलं तर शेवटच्या जतनाच्या वेळी साठवलेलं उत्तर देते, आणि ती फाइल एखाद्या प्रोग्रामने बनवली असेल तर ते उत्तर रिकामंच असू शकतं. बिलाची एकूण रक्कम बहुधा सूत्रातच असते, तेव्हा हे तुमच्या कामाला थेट भिडणार. अशा गोष्टी टेस्टमध्ये पकडल्या नाहीत तर रात्रीच्या ईमेलमधून ग्राहकाला कळतात.

भाषांच्या परिसंस्थांचे स्वभाव वेगळे असतात, आणि दर्जाचा बराचसा फरक तिथून येतो. रजिस्ट्री स्वतः काय तपासते हे जाणून घ्या, म्हणजे काय तपासणं तुमच्यावर सोडलंय ते कळतं. आर भाषेचं क्रॅन पॅकेज स्वीकारताना तपासणी करतं, तुमच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजं मोडली तर जाब विचारतं आणि दुरुस्ती न झाल्यास पॅकेज बाजूला काढतं. पर्लचं सीपॅन १९९५ पासून आहे. तिथे स्वयंसेवक प्रत्येक पॅकेज अनेक ऑपरेटिंग सिस्टिम आणि अनेक पर्लवर चालवून निकाल जाहीर करतात, शिवाय पॅकेज बसवताना त्याच्या टेस्ट आपोआप चालतात. एल्म या भाषेत तर जुना वापर मोडणारा बदल केला की मुख्य आवृत्ती वाढवायला टूलच भाग पाडतं. एनपीएम, पायथनचं पायपीआय आणि रस्टचं क्रेट्स.आयओ यांवर असं काही नाही. जे अपलोड होतं ते लगेच सर्वांना मिळतं.

तुमच्यासमोरच्या चार भाषांपैकी गोचा स्वभाव मला सर्वांत शांत वाटतो. स्टँडर्ड लायब्ररी मोठी, त्यामुळे एचटीटीपी, जेसन, क्रिप्टोग्राफी यांसाठी बाहेर जावं लागत नाही. २०१२ च्या गो १ पासून जुना कोड न मोडण्याचं वचन पाळलं जातं. आणि आवृत्ती निवडताना गो चालेल अशी सर्वांत जुनी घेतं, म्हणजे काल रात्री आलेली आवृत्ती न मागता तुमच्या गळ्यात पडत नाही. रस्टची स्टँडर्ड लायब्ररी मुद्दाम लहान ठेवलेली आहे. रँडम आकडे, रेगेक्स, जेसन, सगळं बाहेरून घ्यायचं, म्हणून डिपेन्डन्सींचं झाड लवकर फोफावतं. पण मुख्य क्रेट्स (रस्टची पॅकेजं) दर्जेदार आहेत, आणि तुमच्या सहकारी म्हणतात त्यात तथ्य आहे की टाइप सिस्टिममुळे लायब्ररीचा चुकीचा वापर बराचसा कंपाइल होतानाच पकडला जातो. नोडमध्ये ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही सवय अजून गेलेली नाही. तिथे एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या सुखाने शेजारी राहतात, आणि मग एका आवृत्तीने बनवलेली वस्तू दुसरी ओळखत नाही, असा डोकं खाणारा बग येतो. पायथनमध्ये उलट: एका वातावरणात एकाच पॅकेजची एकच आवृत्ती. दोन लायब्ररींना तिसरीच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असतील तर बसवणंच अडतं. त्रासदायक आहे, पण निदान पहिल्या दिवशी कळतं.

पायथनमधला दुसरा सापळा नावांचा. पॅकेजचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. टोकनसाठी हवी असते ती लायब्ररी पायजेडब्ल्यूटी, इम्पोर्ट करताना लिहायचं फक्त जेडब्ल्यूटी, आणि पायपीआयवर नुसत्या जेडब्ल्यूटी नावाचं वेगळंच पॅकेज आहे. दोन्ही बसली तर एकमेकांच्या फाइली तुडवतात आणि चूक मात्र तुमच्या कोडमध्ये दिसते. बसवण्याची ओळ नेहमी लायब्ररीच्या अधिकृत पानावरूनच घ्या. कोड लिहून देणाऱ्या एआयने सुचवलेलं नाव तर तपासल्याशिवाय बसवूच नका. अस्तित्वात नसलेली नावं ती आत्मविश्वासाने सांगतात, आणि अशी नावं कोणीही नोंदवून ठेवू शकतो.

दोन वर्षं रिलीज नाही म्हणजे मेली का? काम काय आहे त्यावर ठरतं. ठरलेलं स्वरूप वाचणारी, गणित करणारी, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेली लायब्ररी पूर्ण झालेली असू शकते. नेटवर्क, टीएलएस, लॉगिन, दुसऱ्याचा एपीआय किंवा भाषेचे आतले भाग हाताळणारी लायब्ररी दोन वर्षं गप्प असेल तर ती सोडा. भाषा स्वतः किती हलते हेही महत्त्वाचं. पायथन ३.१२ मधून पॅकेज बांधणारं डिस्टयूटिल्स गेलं, ३.१३ मधून एकोणीस जुनी मोड्यूल्स गेली, आणि त्यावर उभी असलेली झोपलेली पॅकेजं तिथेच कोसळली. गोमधलं पाच वर्षांपूर्वीचं पॅकेज आजही बहुधा जसंच्या तसं कंपाइल होईल. आणि मेंटेनरने स्वतःच ‘आता नवं काही करणार नाही’ असं लिहून ठेवलं असेल तर त्याला मनापासून दाद द्या. जावास्क्रिप्टची तारखांची लायब्ररी मोमेंटने सप्टेंबर २०२० मध्ये नेमकं हेच केलं आणि लक्सन, डे.जेएस, डेट-एफएनएस असे पर्यायही सांगितले. शांत निवृत्ती आणि गायब होणं यांत हाच फरक. तारखांपुरतं बोलायचं तर पायथन ३.९ पासून झोनइन्फो स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. जुनी पायटीझेड नव्या कोडमध्ये घेऊ नका: तिचा टाइमझोन तारखेच्या वस्तूला थेट चिकटवला तर न्यूयॉर्कची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) चार तास छप्पन्न मिनिटं मागे निघते, कारण ती शतकापूर्वीची स्थानिक वेळ उचलते. विंडोजवर झोनइन्फोसाठी टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

निवड झाल्यावरची शिस्त. लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी) गिटमध्ये ठेवा. नोड घेतलंच तर सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ नाही, ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते लॉक फाइलशी तडजोड करत नाही. पायथनच्या पिपला हॅश (फाइल बदललेली नाही हे पटवणारी खूण) अनिवार्य करा आणि शक्य तिथे फक्त तयार व्हील (आधीच बांधलेला गठ्ठा) घ्या, कारण सोर्स गठ्ठा बसवताना त्यातला कोड तुमच्या यंत्रावर चालतो. एनपीएमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टचंही तेच. म्हणून एनपीएमऐवजी वापरता येणाऱ्या पीएनपीएम या टूलने १० व्या आवृत्तीपासून डिपेन्डन्सींच्या अशा स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालवणं बंद केलं. नवी आवृत्ती आली की आठवडाभर थांबा. २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या एनपीएम पॅकेजांच्या विषारी (हल्लेखोराने घुसवलेल्या) आवृत्त्या काही तासांतच पकडल्या गेल्या. जे थांबले ते वाचले. पीएनपीएममध्ये ‘मिनिमम रिलीज एज’ आणि पायथनच्या यूव्हीमध्ये ‘एक्सक्लूड न्यूअर’ अशी सोयच आहे. सुरक्षेची दुरुस्ती मात्र या नियमाला अपवाद.

ऑडिटची टूल्स, म्हणजे पॅकेजांतल्या माहीत असलेल्या त्रुटी शोधणारी, तीही डोळसपणे वापरा. ‘एनपीएम ऑडिट’ झाडातली प्रत्येक त्रुटी ओरडून सांगतं, मग ती फक्त बिल्डच्या वेळी लागणाऱ्या पॅकेजमध्ये का असेना. रोज ‘लांडगा आला’ ऐकून टीम ते बघणं सोडते. ‘ओमिट डेव्ह’ देऊन आधी प्रत्यक्ष चालणाऱ्या पॅकेजांचं बघा. गोचं ‘गोव्हल्नचेक’ मला आवडतं ते यासाठी की धोक्याचं फंक्शन तुमच्या कोडमधून खरोखर बोलावलं जातं का, हे ते शोधतं. पायथनसाठी ‘पिप-ऑडिट’ आहे.

स्वतः लिहावं का? अर्ध्या दिवसात टेस्टसह लिहून होत असेल आणि त्या कामाची व्याख्या तुमच्याच हातात असेल, तर जरूर लिहा. डावीकडे शून्यं भरणं, यादीचे तुकडे करणं, तीनदा पुन्हा प्रयत्न करणं यासाठी डिपेन्डन्सी नको. टाइमझोन, टोकनची सही, पासवर्ड, पीडीएफ आणि ईमेलचं स्वरूप यांना हात लावू नका. तिथले नियम दिसतात त्याच्या कितीतरी पट आहेत. परवाना मुभा देत असेल तर एखाद्या लायब्ररीतलं एकच फंक्शन परवान्याच्या मजकुरासह आपल्या कोडमध्ये आणून ठेवणंही रास्त आहे.

मेंटेनर गायब होण्याची धास्ती मात्र निवडीने पूर्ण जात नाही, रचनेने कमी होते. पीडीएफप्लंबरचा इम्पोर्ट संपूर्ण प्रकल्पात एकाच फाइलमध्ये असू द्या आणि त्या फाइलमधून बाहेर जाईल ती तुमची स्वतःची ‘बिलाची ओळ’, लायब्ररीची वस्तू नव्हे. उद्या ती बदलावी लागली तर एक फाइल बदलेल. वेब फ्रेमवर्कवर मात्र असं आवरण चढवू नका, तिथे त्याचं ओझंच जास्त होतं.

तर माझा कौल पायथनला, आणि तो पीडीएफमुळे. गो तुमच्या सहकाऱ्याला इतकं आवडत असेल तर ईमेल पाठवणारी सेवा पुढे वेगळी काढून त्यात लिहा. पण अजून काही ठरवू नका. दोन दिवस राखून ठेवा आणि ग्राहकांच्या खऱ्या तीस फाइली जमवा: दोन पानांवर पसरलेला तक्ता, रेघा नसलेला तक्ता, एकत्र केलेले खाने, अर्धवट अपलोड झालेली फाइल, पासवर्ड असलेली फाइल, पाचशे पानांची फाइल. प्रत्येकीचं अपेक्षित उत्तर हाताने लिहून ठेवा आणि मगच लायब्ररी चालवा. किती ओळी बरोबर आल्या, किती वेळ लागला, किती मेमरी खाल्ली, हे टिपा. सर्वांत काळजीचं म्हणजे चूक न दाखवता चुकीचा आकडा किती वेळा आला. रेघा नसलेल्या तक्त्यांत पीडीएफप्लंबर सुरुवातीला बरंच चुकेल, कारण ते मुळात रेघा धरून चालतं. तक्ता शोधण्याची पद्धत मजकुरावर आधारित करून पुन्हा चालवा. तरीही दहाएक फाइली चुकत असतील तर दुसरी भाषा धुंडाळू नका. त्या ग्राहकांकडून पीडीएफऐवजी एक्सेल मागून घ्या, तुमच्या यादीत ते आधीच आहे.